ह्या गणिताक उत्तरच नाय

माझं मालवणात भरडावर डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशावतारी नाटकांची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका ही माझी रोजची कामं. मार्चच्या शेवटी देवबागच्या बाजूच्या हायस्कूलमधले गणिताचे सर प्रश्नपत्रिकेचं प्रूफ न्यायला आले होते. त्यांच्या मागे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. मुलगी जन्मापासून अंध. सातवीपर्यंत निवासी अंधशाळेत ब्रेल शिकली, मग घरी परतून गावच्या शाळेत आठवी केली. आता नववीत जाणार होती. सरांनी विचारलं, "नववीचं गणिताचं पुस्तक ब्रेलमध्ये करून द्याल का?"

मी ब्रेल कधी हाताळलेलं नव्हतं. तसं सांगितलंही. त्यावर सर म्हणाले, "तुम्हाला फाँट कळतात, कागद कळतो, प्रूफ कळतं. बाकीचं शिकता येईल."

मी मुलीलाच विचारलं, कोणी वाचून दाखवलं तर चालत नाही का? आठवीत तसंच चाललं होतं. तिने मला एक गणित तोंडी घातलं: "एक्स अधिक तीन छेद दोन. आता सांगा, दोन कोणाच्या खाली हा?" मी गप्प झाले. दोन नुसत्या तीनच्या खाली आहे की एक्स अधिक तीन या सगळ्याच्या खाली, ते ऐकून कळतच नाही. डोळस मूल कागदाकडे एकदा बघतं आणि सुटतं. हिला प्रत्येक ओळीला वाचणाऱ्याला थांबवून विचारावं लागत होतं, आणि वाचणारा वर्गातलाच मुलगा असला तर तिसऱ्यांदा विचारायला जीभ उचलत नव्हती.

तिचे वडील इतका वेळ बोलले नव्हते. निघताना म्हणाले, "ताईनु, सगळे सांगतत सोपो विषय घेवया म्हणान. माझ्या चेडवाक गणितच होया." त्यांच्या मुलीला गणितच हवं होतं. मी काम घेतलं.

भाषेची आणि समाजशास्त्राची ब्रेल पुस्तकं तिला मिळत होती. गणिताचं मात्र चार ठिकाणी फोन करूनही जूनपूर्वी हाती येईल असं कोणी सांगेना. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अशा मुलांना अठरा वर्षं वयापर्यंत पुस्तकं मोफत मिळायला हवीत. पण पुस्तक मोफत असून भागत नाही, वर्ग सुरू होईल त्या दिवशी ते बाकावर असावं लागतं. माझ्या मनात आणखी एक शंका होती. पाठ्यपुस्तक आपण परस्पर उतरवायचं, मग कॉपीराइटचं काय? छपाईच्या धंद्यातल्या माणसाला ही भीती असतेच. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आहे आणि दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक तिच्यासाठी, नफा न कमावता, करून द्यायला मुभा आहे, हे समजल्यावर मी कामाला हात घातला.

या कामातले माझे गुरू कणकवलीचे एक काका. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, स्वतः अंध. सरांनीच गाठ घालून दिली. पहिल्या दिवशी काकांनी माझ्या हातात पाटी आणि स्टायलस दिला आणि सांगितलं, "लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचायचं." सहा टिंबांचं एक घर. डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. मराठी अक्षरं ज्या भारती ब्रेलमध्ये लिहितात ती पद्धत १९५१ सालची. क म्हणजे १ आणि ३, च म्हणजे १ आणि ४. एवढं मला आठवड्याभरात जमलं, अर्थात डोळ्यांनी. बोटांनी मला आजही वाचता येत नाही.

खरी मेख गणितात होती. गणितासाठी जी खुणांची पद्धत आम्ही वापरली ती नेमेथ यांची. अब्राहम नेमेथ हे अमेरिकेतले अंध गणितज्ञ. तरुणपणी त्यांनाही गणित घेऊ नकोस असा सल्ला मिळाला होता आणि आधी त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली. पुढे ते विद्यापीठात गणित शिकवू लागले. त्यांची खुणांची पद्धत १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि १९७२ साली सुधारली गेली. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तेंका पण सोपो विषय घे म्हणान सांगलेले?"

टिंबं फक्त सहा, त्यामुळे घरं होतात त्रेसष्ट, आणि ती मराठीने आधीच वापरून टाकलेली. म्हणून गणितात तीच घरं वेगळा अर्थ घेऊन येतात. मराठी वाचताना ३-४-६ लागलं तर ते ङ, गणितात तेच अधिक. थ चं घर अपूर्णांक उघडतं, ण चं घर तो बंद करतं, मधली आडवी रेघ म्हणजे ऐ. आ लागला की वर्गमूळ सुरू झालं. ण तर आकड्यापूर्वीची अंकखूणही आहे. आकडे मराठी मजकुरात घराच्या वरच्या भागात बसतात, नेमेथमध्ये एक पायरी खाली उतरतात. वरचा तीन म्हणजे च चं घर, खाली उतरवला की ञ चं. आपलं बोट आत्ता मराठीत आहे की गणितात, हे वाचणाऱ्याला क्षणोक्षणी ठाऊक असावं लागतं. म्हणून मजकूर कुठे संपला आणि गणित कुठे सुरू झालं हे दाखवणं हे माझं पहिलं काम होतं.

मुलीने घातलेलं ते कोडं मी काकांकडे घेऊन गेले. त्यांनी दोन्ही प्रकार पाटीवर टोचून दाखवले. एक्स अधिक तीन सगळ्याच्या खाली दोन: सात घरं. एक्स, आणि त्यात मिळवलेले तीन छेद दोन: तीही सातच घरं, आणि तीच सात. फक्त थ चं घर एकीकडे एक्सच्या आधी, दुसरीकडे अधिकच्या नंतर. ऐकताना जे दिवसभर उलगडत नव्हतं ते एका घराच्या जागेने सुटत होतं. त्या दिवशी एसटीने परत येताना मी कसालपर्यंत वहीत तीच सात घरं पुन्हा पुन्हा काढत होते.

एप्रिल आणि मे पहिल्या प्रकरणांच्या टायपिंगमध्ये गेले. छपाईसाठी वापरलेला फाँट युनिकोड नसला की पीडीएफमधून उचललेला मराठी मजकूर निरर्थक चिन्हांचा ढिगारा होतो, म्हणून पुस्तकाचा संपूर्ण भाग पहिला आम्ही हळूहळू नव्याने टाइप केला. संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, अर्थनियोजन, सांख्यिकी. मजकूर एका स्टाइलमध्ये, गणित दुसऱ्या. सॉफ्टवेअर मजकुराला मराठीच्या कोष्टकातून काढतं आणि गणिताला नेमेथच्या. "शेजारील आकृतीत रंगवलेला भाग पाहा" अशा वाक्यांपाशी दरवेळी थांबावं लागे. रंग काढायचा, पण अर्थ ठेवायचा. सर शेजारी बसून एकेक वाक्य ठरवत. चार शब्दांच्या वाक्यावर आम्ही पाऊण तास घालवल्याचं मला आठवतं आणि तो वेळ वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

छपाई पुण्यातल्या एका संस्थेने कागदाच्या खर्चात करून दिली. पहिल्या खंडाच्या वेळी मी स्वतः गेले, कारण यंत्र बघितल्याशिवाय मला काम कळत नाही. एम्बॉसरला शाई नसते. बारीक हातोड्या कागदावर टिंबं उठवतात आणि आवाज इतका होतो की यंत्र पेटीत बंद करून ठेवतात. कागद आपल्या नेहमीच्या ७० किंवा ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) चालत नाही, टिंब फाटतं. आमचा १४० जीएसएमचा होता. एका ओळीत ४० घरं, पानावर २५ ओळी. छापील एका पानाची ब्रेलमध्ये साडेतीन-चार पानं झाली आणि भाग पहिल्याचे सहा खंड. वर्गातली मुलं जे पुस्तक दोन बोटांत धरून आणतात ते हिचे वडील होडीतल्या जाळ्याच्या पिशवीतून खांद्यावर आणत.

पुढचे खंड पोस्टाने आले. अंधांसाठीच्या साहित्याचं पाकीट सात किलोपर्यंत टपालखातं फुकट नेतं. वर तसं ठळक लिहायचं आणि तपासता येईल असं बांधायचं. मी आपली तिकिटांचे पैसे काढून उभी, आणि काउंटरवरच्या बाईंनी ते परत केले.

बाइंडिंग मी दुकानातच केलं. शिलाई करून चालत नाही, पुस्तक सपाट उघडलं पाहिजे, दोन्ही हात पानावर फिरतात. स्पायरल केलं, तर जाड कागदाला पंच एका वेळी चार पानांवर जाईना. मग पाऊस आला. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला हात लावला तर ओल लागते, आणि हिचं घर म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. दमट हवेत कागद मऊ पडतो आणि टिंबं बसतात. पहिला खंड तिने दप्तराखाली आडवा ठेवला होता. पंधरा दिवसांत मधल्या पानांवरच्या खुणा तिला नीट लागेनात. काकांनी सांगितलं, ब्रेल पुस्तकं कधी एकावर एक रचायची नाहीत, उभीच ठेवायची. तिच्या आईने चुलीवरच्या माळ्याच्या कडेला फळी ठोकून घेतली. पुढे तिथे सहाही खंड उभे राहिले आणि कोरडेही.

आकृत्यांबद्दल लिहायचं तर खूप आहे. पहिलंच प्रकरण संचांचं, म्हणजे वेन आकृत्या. मी हौसेने दोन वर्तुळं काढली, सामाईक भागात फेविकॉल लावून वाळू भुरभुरली, बाजूने नक्षीसारखी चौकट केली. काकांनी बोट फिरवलं आणि चौकट काढायला सांगितली. म्हणाले, "डोळ्यांना एकदम सगळं दिसतं. बोट एका वेळी एकाच जागी असतं. जे गणिताला लागत नाही ते बोटाच्या वाटेत ठेवू नका." मग एक वर्तुळ सुतळीचं, दुसरं जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचं, म्हणजे बोट कुठल्या वर्तुळावर आहे ते स्पर्शानेच कळावं. सामाईक भागात वाळू नको, नुसती अक्षरं, आणि तीही रेषेपासून सुटी. संख्यारेषेसाठी माडाच्या झापाचे हीर सगळ्यांत छान ठरले. सरळ, मजबूत, आणि खराट्यासाठी घरोघरी असतातच. हीर चिकटवायचा आणि सारख्या अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारायच्या. शून्यावर दुहेरी गाठ. एकाच आकृतीच्या जास्त प्रती हव्या असल्या तर शेजारच्या टेलरचं दातेरी चाक घेऊन रबरी चटईवर कागदाच्या मागून फिरवायचं. पुढून टिंबांची रेघ उठते. पण मागून काढतो आहोत, म्हणून सगळी आकृती उलटी काढावी लागते. हे मी दोनदा विसरले आणि दोन्ही वेळा पुन्हा केलं.

गणित सोडवायला तिच्याकडे टेलर फ्रेम होती, अष्टकोनी भोकांची पाटी. धातूचा खिळा कुठल्या दिशेने बसवला यावर आकडा ठरतो. एका टोकाच्या आठ दिशा, दुसऱ्या टोकाच्या आठ. ती इतक्या भरभर खिळे बसवायची की सर फळ्यावर पोचेपर्यंत तिची बेरीज झालेली असे. चलांची गणितं मात्र ती ब्रेल पाटीवरच लिहायची.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीचं आहे.

तिसऱ्या प्रकरणाच्या प्रुफात काकांना वजाबाकीची खूण जागोजागी दुप्पट लागली. एकदा ३-६ हवं तिथे दोनदा ३-६. कारण सापडायला दुपार गेली. वर्डमध्ये अक्षर, जागा, छोटी रेघ, जागा, अक्षर असं टाइप केलं की तो आपणहून त्या रेघेची लांब रेघ करतो. कागदावर फरक दिसतो न दिसतो, पण सॉफ्टवेअर लांब रेघेला वजा समजत नाही, निवेदनातली रेघ समजून दोन घरं देतं. मी माझ्या मशीनवर ती सेटिंग बंद केली आणि विषय संपला असं समजले.

पाचवं प्रकरण माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीने दुसऱ्या मशीनवर टाइप केलं. गणपतीचे दिवस होते, भजनी मंडळांची पत्रकं, आरत्यांची पुस्तकं, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी कळवलं की चतुर्थीनंतर लगेच रेषीय समीकरणं घेणार. काकांकडे प्रूफ पाठवलं तर आठ दिवस जातील. चार प्रकरणं नीट झाली आहेत, हेही होईल, असं म्हणून मी फाईल थेट छपाईला पाठवली. दुसऱ्या मशीनवरची सेटिंग बंद केलेली नव्हती.

खंड तिला वेळेवर मिळाला. सरावसंचासारखंच एक साधं गणित: एक्स अधिक वाय बरोबर ७, एक्स वजा वाय बरोबर ३. वर्गातल्या मुलांनी ५ आणि २ काढून वह्या मिटल्या. हिच्या बोटाला दुसऱ्या समीकरणात वजा वजा लागलं. वजा वजा म्हणजे अधिक. तिने घरी दोन संध्याकाळी तेच गणित पुन्हा पुन्हा केलं, पाटीवर कागद लावून, मग टेलर फ्रेमवर किमती घालून. तिसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून म्हणाली, "सर, ह्या गणिताक उत्तरच नाय. एक्स आणि वायची बेरीज सात पण आणि तीन पण कशी येतली?"

काही मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी तिचं पान पाहिलं. त्यांनाही तोवर ब्रेल डोळ्यांनी लागू लागलं होतं. तिच्या समोर जे लिहिलं होतं त्याला खरोखरच उत्तर नव्हतं. पुस्तक चुकलं होतं, ती नाही. मधल्या सुट्टीत त्यांनी पुठ्ठ्यावर टाचण्या लावून जाळ्याचे दोन दोरे ताणले, एक सातचा, एक तीनचा, आणि तिची बोटं दोन्हींवरून नेली. दोरे कुठेच भेटत नव्हते. आलेखाने समीकरणं सोडवणं दहावीत शिकवतात. ती नववीत, चुकलेल्या पानावरून, स्वतःच्या पायाने तिथवर आली होती.

संध्याकाळी सरांचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर ओढून आत बसले. दोन संध्याकाळी त्या मुलीने आपल्यालाच येत नाही असं समजून काढल्या, हे माझ्या मनातून आजही जात नाही. लग्नपत्रिकेत चूक झाली तर वधूपक्ष माझ्यावर ओरडतो आणि ते योग्यच असतं. तिथे वाचणाऱ्याला चूक दिसते. इथे वाचणारा चूक स्वतःची समजतो.

दुसऱ्या दिवशी मी देवबागला गेले. माफी मागितली तर ती म्हणाली, "असूंदे ताई, पण आता कुठल्या गणितावर विश्वास ठेवू?" त्याचं उत्तर माफीने देता येत नव्हतं. आम्ही जमिनीवर बसलो. मी छापील पुस्तक वाचत गेले, ती खंडावर बोट फिरवत गेली, आणि जिथे जादा वजा होतं तिथलं दुसरं ३-६ नखाने दाबून सपाट करत गेली. एकसष्ट ठिकाणी. मागे रिकामं घर उरतं, पण वाचता येतं. तिच्या आईने मध्ये दोनदा चहा केला. दिवस मावळल्यावर मला दिसेनासं झालं, तिचं काम चालूच होतं, मग तिच्या वडिलांनी माझ्यासाठी दिवा लावला. नंतर ते प्रकरण दुरुस्त करून पुन्हा छापून घेतलं आणि त्याआधी काकांनी प्रत्येक ओळ वाचली.

तेव्हापासून एक नियम आहे. काकांच्या बोटाखालून न गेलेलं एकही पान माझ्या दुकानातून जात नाही, मग सर कितीही घाई करोत. घाई व्हायला नको असेल तर काम मार्चमध्ये नव्हे, दिवाळीत सुरू करायचं. दहावीचा भाग पहिला आम्ही दिवाळीच्या पाडव्याला धरला. पहिलं प्रकरण पुन्हा रेषीय समीकरणांचंच आहे, आलेखासकट. तिथे आम्ही पुठ्ठा, टाचण्या आणि जाळ्याचा दोरा असा संचच पुस्तकाबरोबर देणार आहोत.

प्रूफ आता दोघं वाचतात. काका आधी, मग ती, कारण तिने सांगितलं की आपल्याला पुस्तक शाळेत जायच्या आधी बघायचं आहे. मागच्या रविवारी वर्गसमीकरणांची पानं तिच्याकडे होती. रात्री साडेनऊला फोन आला.

"ताई, पान चौदा, ओळ नऊ. एक्सच्या वर्गानंतर डॉट पाच रवलो."

मी पान काढलं. घातांक वर चढवला की पुन्हा खालच्या ओळीवर उतरल्याची खूण म्हणजे ५ चं एकटं टिंब. ते नसलं की पुढचं अधिक एक घातांकातच जाऊन बसतं आणि एक्सचा वर्ग अधिक एक याऐवजी एक्सचा दोन अधिक एकावा घात होतो.

"लिहून घेतलं," मी म्हटलं. "पुढे?"

"थांबा," ती म्हणाली, आणि पलीकडून कागदावर बोट सरकल्याचा आवाज येत राहिला.